इकबालभाईंचा जड हात

आमच्या प्रेस शॉपच्या मागं फाटलेल्या पत्र्याचा ढीग साठायचा आणि माझ्याकडं किश्शांचा. पत्रा निदान भंगारवाला टेम्पोत घालून न्यायचा. किस्से न्यायला कोण येणार? आठवले की अजून डोकं तापतं, म्हणून तुम्हाला सांगते!

दोन हजार सालाच्या आसपासची गोष्ट. मी उत्रोलीची, डिप्लोमा झालेली, भोर फाट्याजवळच्या एका कारखान्यात ट्रायलचं काम बघायचे. आम्ही मोटारसायकलच्या टाकीचे अर्धे भाग बनवायचो. सपाट पत्रा प्रेसखाली साच्यात ओढला जातो आणि फार ओढला की फाटतो. तो किती ओढ सोसेल, हे आधीच सांगायचं माझं काम. त्यासाठी पत्र्यावर छोटे छोटे गोल छापायचे. पत्रा दाबला की गोल लांबतात. कुठला किती लांबला ते मोजलं की पत्रा कुठं फाटायच्या बेतात आहे ते कळतं. इतकं साधं! पण साधं तेच लोकांना पचत नाही.

*

स्टोअरचे मारुतीअण्णा पालीचे. भारी टापटिपीचे. मी अख्खी सकाळ खपून गोल छापले, पत्रे स्टोअरात ठेवले आणि जेवायला गेले. येऊन बघते तर पत्रे लख्ख!

"ताई, कुनीतरी पत्रं घान करून ठिवलं व्हतं. म्या थिनरनं पुसून काडलं. लई घासावं लागलं बगा!"

वर चहाही माझ्याकडूनच प्यायले.

*

दुसऱ्यांदा छापले. ट्रायल झाली. पीस घेऊन मॅनेजरसाहेबांकडं गेले. साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला आणि कडाडले, "रिजेक्ट! गोल छापले होते ना? ही तर अंडी झालीत!"

"साहेब, ते लांबणारच. तेच तर मोजायचंय."

"ड्रॉइंगमध्ये अंडी आहेत का? नाहीत ना? मग मला गोलच पाहिजेत!"

*

ती अंडी सगळ्यात जास्त लांबली होती एका कोपऱ्यात. मी म्हटलं, "साहेब, साच्याचा हा कोपरा फार टोकदार आहे. घासून जरा गोलसर करू या, नाहीतर रोज इथंच फाटेल."

साचा साहेबांनी स्वतः उभं राहून करून घेतलेला. त्यांनी पत्र्यावर टिचकी मारली, कलिंगड घेताना मारतात तशी, आणि निकाल दिला. "पत्रा चांगला आहे. साचा माझा आहे. तुम्ही गोल छापायला लागलात तेव्हापासून पत्रा फाटतोय. उद्यापासून गोल बंद!"

आता बोला! ताप आला म्हणून थर्मामीटर फोडणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

*

गोल बंद झाले, फाटणं काही बंद होईना. मग साहेबांनी खापर फोडायला माणूस शोधला. भोरचे इकबालभाई, प्रेसवरचे सगळ्यात जुने ऑपरेटर.

"इकबालचा हात जड आहे!" साहेब म्हणाले.

अहो, हायड्रॉलिक प्रेस तो! माणसानं दोन बटणं दाबायची, बाकी सगळं मशीन करतं. त्यात जड हात कसला आणि हलका कसला?

"साहेब, मी हितं काय कनीक मळतोय व्हय?" इकबालभाईंनी विचारलं.

उत्तर म्हणून मेमो मिळाला. प्रेसवरून काढून त्यांना गेटवर बसवलं. महिनाअखेर नोकरीच जाणार, हेही सगळ्यांसमोर ऐकवलं. माझा इतका संताप झाला की डबा तसाच घरी नेला.

*

गेटवर काम काय, तर फळ्यावर रोजचा सुविचार लिहायचा. इकबालभाईंचं अक्षर सुरेख. तरुणपणी भोरात टेम्पोंच्या मागं नावं रंगवायचे. पहिल्याच दिवशी त्यांनी लिहिलं, 'तुटेपर्यंत ताणू नये.'

साहेब गाडीतून उतरले. "खाली थोर माणसाचं नाव कुठाय?"

"साहेब, ही तर जुनी म्हन हाय."

"चालणार नाही! जो बोलला त्याचं नाव खाली पाहिजे. रोज!"

"व्हय साहेब."

*

इकबालभाईंच्या जागी आलेल्या पोराच्या हातूनही पत्रा फाटला. तोच कोपरा! साहेब तरातरा शॉपमध्ये आले. "सरका! हलक्या हातानं कसं दाबतात ते बघा सगळ्यांनी!" आम्ही सगळे गोळा झालो. साहेबांनी बाह्या सरसावल्या, दोन्ही बटणं अगदी अलगद दाबली.

फाट्‌!

तोच कोपरा. कुणी हसलं नाही, हसायची छातीच नव्हती. साहेबांनी रुमालानं हात पुसले आणि म्हणाले, "मशीनला माझ्या हाताची सवय नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी टाक्या घेणाऱ्या कंपनीची माणसं यायची होती. साहेब त्यांना घ्यायला गेटवर आले. फळा धुऊन पुसून तयार. वर फुलांची नक्षी, आणि खाली सुरेख अक्षरात –

आजचा सुविचार
'मशीनला माझ्या हाताची सवय नाही.'
– आपले मॅनेजरसाहेब

साहेबांनी वाचलं. पाहुण्यांची गाडी फाट्यावरून वळताना दिसत होती.

"इकबाल," साहेब म्हणाले, "तो खडू ठेव खाली आणि आधी प्रेसवर जा!"