पिल्लू, पोथी आणि चौथी आंघोळ

देव आपल्याकडे बघतो तरी का, ही शंका मला त्या दिवशी चौथ्या आंघोळीला आली. कडाक्याची थंडी, गिझर बिघडलेला, आणि मी पोथीचं सात दिवसांचं पारायण धरून बसलेलो. तिसऱ्या दिवशी बंद कूलरच्या गवतात मांजरीचं पिल्लू सापडलं. डोळे मिटलेले, नाळही तशीच. त्याची आई आदल्या संध्याकाळी पिपरी मेघेच्या रस्त्यावर गाडीखाली गेली होती.

तेव्हापासून एकच गाडा चालला होता. देवापुढच्या फुलवाती दुधात भिजवून त्याला चोखवायच्या, शिवलो म्हणून आंघोळ करायची, सोवळं नेसून दोन पानं वाचायची, की ते पुन्हा रडायचं. "अवो, पोथी वाचून राह्यले का टाकी रिकामी करून राह्यले?" बायकोनं विचारलं.

पिल्लू सापडल्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी त्याचं पोट टम्म फुगलं. मला वाटलं, भूक. आणखी पाजलं. कपाळाला अंगारा लावला, तीर्थ दिलं. त्याचा आवाज बसत चालला. ते हातातच जाणार, हे मला कळून चुकलं. "तुझ्याच पारायणात हे माझ्या गळ्यात काऊन टाकलं?" मी देवाला तोंडावर विचारलं.

तेवढ्यात कुंपणावरची पूजेची जास्वंद शेळ्या ओरबाडताना दिसल्या. झालं! ओल्या अंगानं, पिल्लू मुठीत धरून मी भांडायला धावलो. काठी घेतलेली एक अनोळखी बाई उभी होती. माझ्या शिव्या तिनं ऐकल्याच नाहीत. पिल्लाचं कण्हणं मात्र ऐकलं.

"काऊन हो भाऊ, हे असं काऊन करून राह्यलं?"

आयुष्यभर कारकुनी केलेला माणूस मी. माहीत नसलेल्या गोष्टीवरही टिपण लिहायचो. त्या क्षणी मात्र तोंडून निघालं, "बाई, मले काईच समजत नाई."

तिनं पोट चाचपलं. "वरून पाजूनच राह्यले तुमी! माय चाटते तवा हे मुतते. आता कोन चाटन? तुमी?"

माझा चेहरा तयार दिसला असावा, कारण ती खळखळून हसली. कोमट पाणी मागवून तिनं फुलवात भिजवली आणि शेपटीखाली हलकेच फिरवली. जरा वेळानं माझ्या सोवळ्यावर बारीक धार लागली. संपता संपेना! मग पिल्लू एकदम सैल पडलं. मी हंबरडा फोडणार, तोच ते घोरायला लागलं.

मान वर केली तर बाई शेळ्यांमागं निघून गेलेली. नावही विचारायचं राहिलं. ती कोण, यावर मी वाद घालत नाही.

पारायण मोडलं. दर दोन तासांनी पिल्लाला पाजत, पुसत राहिलो. डोळ्यांवर झापड असायची, मंत्र आठवायचे नाहीत. "मला येत नाही, तू करून घे," एवढंच म्हणायचो. सापडल्यापासून नवव्या सकाळी त्यानं एक डोळा उघडला आणि माझ्याकडे पाहिलं. मी तिथंच फरशीवर डोकं टेकलं आणि तसाच झोपी गेलो.