पंधरा अंशांचे जंतू

पुण्यात बारा वर्षं मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काढली. नमुना आला की प्लेटवर पसरायचा, प्लेट सदतीस अंशांच्या इन्क्युबेटरमध्ये ठेवायची, दुसऱ्या दिवशी जंतू बघायचे. मग नवऱ्याला रियाधच्या ओलाया भागातल्या एका बँकेत नोकरी लागली आणि मला शहराबाहेरच्या एका मत्स्यफार्मवर काम मिळालं. बाहेर रणरणतं ऊन, आत गार केलेल्या पाण्यात ट्राउट मासे. माझा हात मात्र जुन्याच सवयीचा.

टाक्या सांभाळायला रत्नागिरीकडचे एक पन्नाशीचे गृहस्थ होते. माशांच्या शेपट्या झडायला लागल्या तेव्हा पहिल्यांदा तेच सांगायला आले. मॅनेजरचं म्हणणं, हे गृहस्थ जाळं धसमुसळेपणानं मारतात, त्याच्या जखमा आहेत.

"मॅडम, जाळ्याची जखम मी वळखतो. ही शेपटी कुजताय," ते म्हणाले. "तुमीच बघून सांगा."

मी बघितलं. दोन दिवसांनी प्लेटा कोऱ्या निघाल्या. 'जंतू आढळले नाहीत' अशा रिपोर्टवर मी ऐटीत सही ठोकली. त्याच दिवशी त्यांना टाक्यांवरून काढून कामगारांच्या कॅम्पवर बसवलं आणि फायनल एक्झिटचे, म्हणजे कायमचं मायदेशी पाठवण्याचे, कागद सुरू झाले.

आठवडाभरानं पंपाच्या खोलीत, गार पाण्याच्या पाइपाजवळ एक प्लेट सापडली. नमुने पसरताना मीच ती तिथे विसरले होते. तिच्यावर पिवळे ठिपके भरभरून उगवले होते. थंड पाण्यातला हा जंतू पंधरा अंशांना वाढतो, सदतीसला उगवतच नाही. माशांच्या रोगांवरच्या कुठल्याही पुस्तकात हे सुरुवातीलाच असतं. मी पुस्तक उघडलंच नव्हतं.

दुसरा रिपोर्ट लिहिला: 'नव्या तपासणीत जंतू आढळले.' पहिली तपासणी चुकली होती, हे वाक्य लिहिलं आणि खोडलं. मला नोकरीची भीती वाटली, दुसरं काही नाही. माशांना औषध सुरू झालं. मॅनेजरनं एक्झिट मागे घेतली नाही. घ्यावी असं त्या रिपोर्टात काही नव्हतंच.

विमानतळावरून त्या गृहस्थांचा फोन आला.

"मॅडम, शेपट्या झडायच्या थांबल्या काय?"

"थांबल्या."

ते म्हणाले, "म्हंजे माझाच हात जड होता. मी हटलो, नि थांबल्या."

"सांभाळून जा," मी म्हणाले.