कपड्यांच्या खोलीतल्या बाई

हडपसरला आमच्या आयटी पार्कमागे एका चर्चचा बेघरांसाठी निवारा आहे. रविवारची उपासना आटोपली, की तिथल्या कपड्यांच्या खोलीत एक बाई येऊन बसतात. पूर्वी त्या शिवणकाम करायच्या. गळ्यातली टेप अजून उतरलेली नाही. लोकांनी आणून दिलेला प्रत्येक कपडा त्या खिडकीपाशी उजेडात धरतात आणि देणाऱ्याला विचारतात, "हा उद्या ऑफिसला घालाल?" उत्तराला उशीर झाला, की कपडा परत.

मी एकदा छातीवर कंपनीचं भलंमोठं नाव छापलेले उरलेले टी-शर्ट नेले. "फरशी पुसायला चांगले आहेत," बाई म्हणाल्या आणि खरंच त्या कामाला लावले.

पुढच्या रविवारी मी माझा आवडता निळा शर्ट इस्त्री करून नेला. बाईंनी बटणं ओढून पाहिली आणि काही न विचारता ठेवून घेतला. तिथे कपडे कोणाच्या हातात कोंबत नाहीत. टेबलावर तीन मांडतात आणि घेणारा निवडतो. त्या दिवशी एक आजोबा आले. त्यांनी निळा शर्ट आरशापुढे अंगाला लावून पाहिला, खाली ठेवला आणि चौकड्यांचा उचलला.

"निळा नको?" मला राहवलं नाही.

"नको. आपल्याला नाय शोभत," म्हणत ते गेले.

बाईंनी निळ्याची घडी घातली. मी त्यांना पहिल्यांदाच हसताना पाहिलं.

"परवापर्यंत पुलाखाली मिळेल ते अंगावर घेत होते," त्या म्हणाल्या. "आज नको म्हणाले."