माझ्या आजीचं माहेरचं नाव

माझी सून कॅनडाची, तिच्या माहेरी फ्रेंच बोलतात. इथे कुवेतमध्ये ती इस्पितळात नर्स आहे. माझ्या लेकाचा हात मोडला, तो बांधताना हिने त्याला पाहिलं, आणि पुढचं सगळं आम्हाला नंतर कळवण्यात आलं.

बाळंतपणाच्या रजेवर मंगफच्या आमच्या घरी बसल्याबसल्या तिने आपल्या घराण्याचा शोध सुरू केला. तिची आई तिकडून व्हिडिओ कॉलवर असायची. दोघी मायलेकी चर्चच्या जुन्या नोंदी चाळत आईची आई, तिची आई अशा मागे मागे गेल्या आणि एका अनाथ पोरीपाशी येऊन थांबल्या. साडेतीनशे वर्षांपूर्वी फ्रान्सच्या राजाने गरीब मुली जहाजात बसवून कॅनडाला धाडल्या होत्या. वसाहतीतल्या पुरुषांना बायका हव्या होत्या. त्यातली ही एक.

"आई, हिला सही येत नाही. ओन्ली क्रॉस," सूनबाई कौतुकाने मला म्हणाली. पण नाव? तिचं स्वतःचं, बापाचं, आईचं, गावाचं, सगळं होतं. त्यांच्या नोंदींत बाई मरेपर्यंत माहेरच्याच नावाने राहते. तिच्या नवऱ्याने जिथे नांगर घातला ती जमीन आधी तिथल्या मूळ लोकांची होती, हेही सूनबाईने सांगितलं. आवाज खाली गेला तिचा, पण सांगितलं.

आता मला घराण्यांबद्दल कुणी शिकवायचं? हे हयात होते तेव्हा आम्ही इथेच कुवेतमध्ये, सलव्यात राहायचो. तेव्हाची मी बघण्यासारखी होते. मंडळाच्या गणपतीला नवीन माणसाने चपला काढायच्या आत माझा प्रश्न तयार, "आडनाव काय? मूळ गाव? कुलदैवत कुठलं?" एका भिडस्त डॉक्टरीणबाईला मी तिच्या चुलत सासऱ्यांच्या मोडलेल्या सोयरिकीपर्यंत नेऊन पोचवलं. बिचारी प्रसाद न घेताच गेली. आणि मी काठपदराची साडी सावरत सगळ्यांना ऐकवतेय, "आम्हाला सात पिढ्या पाठ आहेत हो!" पाठ होत्या खऱ्या. सातही बाप्ये.

तर एका दुपारी कॉलवर विहीणबाई म्हणाल्या, आता तुमच्याकडच्या बायका सांगा. सूनबाई दुभाषी. मी आईचं नाव सांगितलं, माहेरचं, सासरचं, दोन्ही. मग आजीचं, म्हणजे आईच्या आईचं, भाऊ श्राद्धाला घेतो ते.

"हे लग्नानंतरचं ना, आई? आधीचं काय?"

मी आ वासला. आजी गेली तेव्हा मी चांगली दोन मुलांची आई होते. तिच्या हातची आंबोळी मला किती जाळीची लागते हे तिला ठाऊक होतं. तिचं नाव मला ठाऊक नव्हतं. पलीकडे साडेतीनशे वर्षांची यादी असलेली बाई वाट बघतेय. माझी नजर देव्हाऱ्याकडे गेली. तिथे उदबत्तीचा पुडा होता. त्यावर छापलेलं बाईचं नाव मी ठणठणीत आवाजात वाचून दाखवलं. गाव शाळेतल्या एका मैत्रिणीचं उचललं. विहीणबाईंनी डोळे पुसले. मीही पुसले, उगीच मागे कशाला राहा!

मुलगी झाली. बारशाच्या आधी लेक म्हणाला, "आई, नाव ठरलं. तुझ्या आजीचंच ठेवायचं."

मी घाईघाईने म्हणाले, "अरे, जुनाट वाटेल. शाळेत चिडवतील."

"क्लासी आहे गं!"

"माझी ती अनाथ मुलगी आणि तुमची आजी," सूनबाई म्हणाली, "आपल्या बेबीला दोघी असणार."

मी गुहागरकडच्या मामीला फोन लावला. तिने आजीबरोबर एका चुलीवर उभा जन्म काढला होता.

"आजीचं माहेरचं नाव काय गं होतं?"

"अगो, आत्ता सुचलं होय तुला?" मामी म्हणाली. "आम्ही सासूबाई म्हणायचो, तुझा मामा आई म्हणायचा. जिला विचारायचं ती गेली की!"

बारशाच्या दिवशी घर भरलं. फिंतासहून माझी मुलगी आली होती, कानात कुर्रर्र करायला आत्याच लागते. घुगऱ्या शिजल्या होत्या, पाळण्याला फुलं लागली होती. मी सूनबाईला आतल्या खोलीत ओढलं आणि पुड्यासकट सगळं सांगितलं.

तिने दार लोटून घेतलं. "म्हणजे ती आजी खोटी?"

"आजी खरी गं. नाव खोटं."

"आणि गाव?"

"तेही."

ती हसली असती तर बरं झालं असतं. तिने नुसता फोन लावून माझ्या हातात दिला. "मॉमला तुम्हीच सांगा. मी ट्रान्सलेट करते."

सांगितलं. बाहेर बायका पाळण्याची दोरी धरून खोळंबल्या होत्या, आणि मी लहान पोरीसारखी फोनपुढे उभी. विहीणबाई रागावल्या नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, तिचा नवरा तिला काय हाक मारायचा?

आजोबा पडवीत बसायचे आणि आतल्या दिशेने ओरडायचे, "कोण आहे तिकडे?" आजी पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर यायची. मी ते कित्येकदा पाहिलं होतं. मला कधी काही वाटलं नव्हतं.

सूनबाईने ते फ्रेंचमध्ये सांगितलं. तिकडे विहीणबाईंनी चष्मा काढून ठेवला.

बाळाच्या कानात त्या अनाथ पोरीचं नाव गेलं. ते उच्चारताना आत्याची जीभ वळेना, बायका हसल्या. मी घुगऱ्यांचं पातेलं उचललं आणि कुणाच्याही तोंडाकडे न बघता वाटत सुटले.