खोळवाल्या काकूंची तिसरी फेरी

काकूंच्या घरात उघडी वस्तू सापडणं कठीण. मिक्सरला खोळ, इस्त्रीला खोळ, रिमोटला खोळ, आणि खोळी शिवून उरलेल्या चिंध्या ज्या डब्यात ठेवतात, त्या डब्यालाही खोळ! चाळीस वर्षं त्यांनी हाच धंदा केला. गल्लीतल्या निम्म्या वस्तू त्यांच्या हातचे कपडे घालून बसल्यात, म्हणून सगळे त्यांना खोळवाल्या काकू म्हणतात आणि त्यांनाही ते आवडतं. त्यांचे यजमान, म्हणजे काका, एकदा वैतागून म्हणाले, "मी दोन तास एका जागी बसलो तर मलाही शिवशील." काकूंनी टेप हातात घेऊन त्यांच्याकडे असं काही पाहिलं, की काका मुकाट्यानं फिरायला गेले.

अशा या काकूंना गाड्यांच्या शर्यतीचा नाद लागला तो धाकटीमुळे. धाकटी म्हणजे त्यांची सख्खी बहीण, वय वर्षे साठ. दोन वर्षांपूर्वी ती मुलाकडे दूरच्या शहरात राहायला गेली. आता रोज फोनवर तरी काय बोलणार? गुडघे, जावा, भाजी महाग झाली, संपलं. मग धाकटीच्या मुलानं दोघींना कॉम्प्युटरवर एक खेळ लावून दिला. चिमुकल्या गाड्या, नागमोडी रस्ता, आणि पुढच्याला टरबूज फेकून मारायची सोय. काकूंचा कॉम्प्युटर अगदी स्वस्तातला, बिलं लिहायला घेतलेला. पण दर रविवारी पाचच्या ठोक्याला काकू त्याच्यासमोर बसत, शेजारी फोन चालू ठेवत आणि वळण आलं की खुर्चीसकट वाकत.

लहानपणी शाळेच्या वाटेवर काकू भराभर पुढे जात आणि धाकटी मागून रडवेली होऊन ओरडे, "ताई, थांब ना गं!" काकू दर वेळी थांबत, वर तिचं दप्तरही घेत. आता सगळं उलटं झालं होतं. पहिल्या दोन फेऱ्या काकूंची गाडी झकास पळे. तिसऱ्या फेरीत चित्र अडखळू लागे, वळण दिसेपर्यंत गाडी भिंतीत जाऊन बसलेली. आणि धाकटी पुढे जाऊन वाट बघत उभी. मोठ्या बहिणीची वाट बघत! काकूंना ते फार लागायचं.

त्यातच खेळात पुढच्या रविवारी जोड्यांची शर्यत जाहीर झाली. जोडीतल्या दोन्ही गाड्या शेवटच्या रेषेपार गेल्या, तरच ती जोडी धरायची. धाकटी चाचरत म्हणाली, "ताई, माझी शेजारीण खेळते म्हणतेय माझ्या जोडीला. तू बघत बस ना. बघतानाही मजा येते गं."

बघत बस! काकूंनी त्या दुपारी उशीचा अभ्रा चारही बाजूंनी शिवून टाकला. संध्याकाळी त्यांनीच फोन लावला. "हा एक रविवार दे मला. याही वेळी अडकले, तर मी स्वतः तुझ्या शेजारणीला म्हणेन, बस बाई माझ्या जागेवर."

काका मोठ्या दुकानात विचारून आले. तिथला विक्रेता म्हणाला, "वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही ना त्यात? मग खेळ विसरा. तो पत्रं लिहायचा डबा आहे."

डबा म्हटल्यावर काकूंचं पित्त खवळलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी कॉम्प्युटर उचलला आणि दोन गल्ल्या पलीकडच्या दुरुस्तीवालीकडे नेला. ही बाई अंबाड्यात पेन्सिलसारखा स्क्रू ड्रायव्हर खोचून फिरते आणि काकूंनी शिवलेल्या गादीवर बसून काम करते. ती म्हणाली, "चित्रं काढायचं काम याच्या मुख्य चिपमध्येच बसवलंय काकू. झाडाच्या पानापानाची सावली हलते ना, तसले युद्धाचे खेळ याला झेपायचे नाहीत, खोटं कशाला बोलू? पण तुमची टरबुजं? आरामात!" तिनं खेळातल्या सावल्या बंद केल्या, चित्राचा बारीकपणा जरा कमी केला आणि स्वतः पाच फेऱ्या मारल्या. गाडी लोण्यासारखी पळाली.

घरी आणला, तर तिसऱ्या फेरीत भिंत!

परत नेला. पुन्हा पाच फेऱ्या, एक अडखळ नाही. घरी आणला. भिंत! काकू रडकुंडीला आल्या. "दुकानात कसा शहाण्यासारखा वागतो, आणि घरी आला की फुगून बसतो!"

"माझंही तसंच होतं," काका पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले.

शेवटी रविवारी चार वाजता दुरुस्तीवालीच घरी आली. आता हा तिच्याही इभ्रतीचा प्रश्न झाला होता. "तुम्ही खेळा नेहमीसारखं, मी नुसती बघते," म्हणून ती बसली. पहिली फेरी झाली. दुसरी झाली. तिसरीत चित्र अडखळलं. तेवढ्यात तिची नजर टेबलाखाली गेली. तिथे मरून रंगाच्या मखमलीचं काहीतरी उभं होतं. आतून अस्तर, मध्ये कापूस, बाजूला चेन, बटणापुरतं गोल भोक, वायरींच्या भोकांना सुरेख गोट.

"काकू, हे काय?"

"खोळ."

"कॉम्प्युटर चालू असताना?"

"मग? धूळ काय तो बंद असतानाच बसते?"

"आणि माझ्याकडे आणताना?"

"तेव्हा काढते ना! रस्त्यात मळते ती."

दुरुस्तीवाली आधी कपाळावर हात मारून बसली, मग पोट धरून हसायला लागली. "अहो, हिशेबही तीच चिप करते आणि चित्रंही तीच काढते. खेळताना तापते बिचारी. वारा मिळाला नाही, तर जळू नये म्हणून आपोआप हळू होते. आणि तुम्ही तिला रजई पांघरलीत!"

काकूंनी चेन ओढली. आतून गरम वाफारा तोंडावर आला, आणि त्यांना भरून आलं. "मेली मीच! मीच गुदमरवलं याला, आणि वर त्यालाच नावं ठेवली." मग हळूच विचारलं, "पण उघडाच ठेवायचा? असा चारचौघांत?"

"खेळून झालं, बंद केला, गार झाला की घाला. कोण नाही म्हणतंय?"

पाच वाजले. फोनवर धाकटी होती, तिच्या मागे शेजारीण तयारीत बसलेली. काकूंनी पदर खोचला. पहिली फेरी. दुसरी. काका पेपर टाकून मागे येऊन उभे राहिले. तिसरी सुरू झाली तशा काकू खुर्चीच्या टोकाला सरकल्या. पण वळण वेळेवर दिसलं, गाडी वळली, पुढच्या वळणालाही वळली! एकामागून एक गाड्या मागे पडल्या, मग धाकटीही मागे पडली. समोर रेषा दिसायला लागली आणि फोनमधून आवाज आला,

"ताई, थांब ना गं!"

काकूंचं बोट बटणावरून आपोआप उचललं गेलं. पन्नास वर्षांनीही ती सवय गेली नव्हती. रेषेच्या अलीकडे त्यांची गाडी उभी राहिली. दोन जोड्या सुर्रकन पुढे निघून गेल्या, तरी काकू हलल्या नाहीत. डोळ्यांत पाणी, तोंडभर हसू. "ये, ये, आहे मी इथेच." धाकटी धापा टाकत आली आणि दोघी मिळून रेषेपार गेल्या. तिसरा नंबर! काका टाळ्या वाजवत होते, दुरुस्तीवाली शिट्टी मारत होती, आणि फोनमध्ये धाकटी नुसती किंचाळत होती.

दंगा जरा ओसरल्यावर काकूंनी डोळे पुसले आणि विचारलं, "शेजारीण आहे ना गं तिथे अजून?"

"आहे ना. का?"

"तिला म्हणावं, बघतानाही मजा येते."