तोडी आमच्या भिंतीवर आली तेव्हा

साठ-एकसष्ट साल असेल. राजूरच्या आमच्या खाणीच्या क्वार्टरमध्ये एका चित्रावरून असा गोंधळ झाला की आज आठवलं तरी हसू येतं... तेव्हा मात्र मी ढसाढसा रडले होते.

मी सातवीत होते. शाळेतल्या गाण्याच्या बाईंच्या घरी रोज संध्याकाळी शिकायला जायचे. गाण्यात पहिली आले म्हणून बाईंनी एका जुन्या कॅलेंडरचं पान बक्षीस दिलं. रानात उभी एक बाई, हातात वीणा, भोवती माना वर केलेली हरणं... "ही तोडी. भिंतीवर लाव हं," एवढंच म्हणाल्या.

आम्ही दीक्षा घेतल्याला तेव्हा चार-पाच वर्षं झाली होती. बाबांनी घरातले सगळे देव स्वतःच्या हातानं उतरवले होते, भिंतीवर फक्त बुद्धाचा फोटो. ते पाळीवरून आले, चित्र पाहिलं आणि त्यांचा पारा चढला.

"सरस्वती काहून आणली घरात?"

ही तोडी आहे, मी म्हटलं. पण तोडी म्हणजे कोण, हे मलाच धड सांगता येईना! वीणा दिसली की सरस्वती, हे तर शेंबड्या पोरालाही ठाऊक. बाईंनी मागच्या दारानं देव घरात धाडला, असं बाबांनी धरलं. चित्र परत आणि गाणंही बंद... त्या दिवशी मी जेवले नाही.

दुसऱ्या दिवशी मला घेऊन बाबा बाईंच्या दारात उभे. बाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि चित्र ओट्यावर पसरलं. "भाऊ, हिचे हात मोजा बरं." बाबांनी मोजले. दोनच. जवळ हंस नाही, मोर नाही.

"जुने चितारी रागांचीसुद्धा चित्रं काढायचे. तोडी हा सकाळचा राग. ही साधी बाई तो गातेय, अन् हरणं ऐकायला आलीत."

बाबांनी वाकून चित्र पुन्हा पाहिलं. मग हळूच विचारलं, "म्हणजे हिले हात जोडा लागत नाही?"

"नाही हो. नुसतं ऐकायचं."

घरी येऊन बाबांनीच खिळा ठोकला. मग माझ्याकडे वळले, "तुले येते काय हे?" मी म्हटलं, अजून नाही.

"मंग शिक ना! राजुरात हरणं कुठून येतीन... मी बसत जाईन आयकाले."

आणि खरंच बसले! दोन वर्षांनी बाईंनी तोडी शिकवायला घेतली. रात्रपाळी करून आलेले बाबा, कानामागे कोळसा, डोळ्यांवर झोप, चहा गार होईस्तोवर माझे चुकणारे सूर ऐकत बसायचे.

पुढे मी स्टेजवर गायले, टाळ्याही मिळाल्या. पण आपली चूक कळल्यावर लगेच खिळा ठोकायला उठणारा बाप मला मिळाला, म्हणून मी गाऊ शकले.