अकरा गावं आणि एक फंक्शन

तालुक्याच्या कचेरीत शफीक ठेक्यावरचा ऑपरेटर. राहणार अकोल्याच्या जुन्या शहरात, रोज एसटीनं ये-जा. माणूस गरीब स्वभावाचा, पण त्याला एक वाईट खोड होती: वरून आलेलं परिपत्रक तो वाचायचा. कचेरीत ही खोड दुसऱ्या कुणालाच नव्हती.

दोन हजार चौदाच्या हंगामात सोयाबीन वाळलं आणि गावागावांची पैसेवारी त्याच्या टेबलावर आली. पैसेवारी म्हणजे रुपयाला किती पैसे पीक झालं, त्याचा सरकारी अंदाज. पन्नासच्या आत आली तर गाव दुष्काळी. पोरांची परीक्षा फी माफ, वीजबिलात सूट. पन्नास भरली तर बसा बोंबलत. परिपत्रकात स्वच्छ लिहिलं होतं, 'अपूर्णांक सोडून द्यावा.' पण कचेरी वर्षानुवर्षं कॉम्प्युटरवर दशांश लपवायचं बटण दाबत आली होती. त्या बटणानं ४९.६ चे खुशाल ५० दिसत आणि गाव कागदावर हिरवंगार होई.

शफीकनं ट्रंक नावाचं फंक्शन लावलं. ते दशांश सरळ छाटतं, आकडा वर ढकलत नाही. अकरा गावं पन्नासवरून एकोणपन्नासवर आली.

नायब तहसीलदार वामनराव यादी पाहून खवळले. "काहून रे शफीक, हे काय करून राहिला? अकरा गावं एकदम कशी बुडाली?"

"सायेब, इतके वर्षं आपणच चुकून राहिलो होतो. परिपत्रकात लिवलं हाय."

"मंग चुकू दे ना बापा. चूक चालू ठेवली तर कोणी इचारत नाही. सुधारली, का चौकशी लागते."

याला म्हणतात अनुभव. बावीस वर्षांची नोकरी काय उगाच होते?

वामनरावांनी लाल पेन उघडला, नावं खोडत निघाले आणि सहाव्या नावाशी अडले. पिंपळझिरा. त्यांची सासुरवाडी. मेव्हण्याचा महिनाभर रोज फोन येत होता आणि घरी बायको ताट वाढताना बोलत नव्हती. पेनाला टोपण लागलं. आवाज मऊ आला.

"एकाच गावाले लावता येते का रे ते फंक्शन?"

येत होतं, दोन सेकंदांचं काम होतं. पण मग बाकीची दहा गावं पन्नासावर जाऊन बसली असती. आणि त्याचा ठेका दर वर्षी याच साहेबाच्या सहीनं वाढायचा.

"नाही सायेब," तो म्हणाला, "कॉम्प्युटर घेत नाही. लागलं तर साऱ्यायले लागते, नाही तर कोणालेच नाही."

वामनरावांनी खोडाखोड केलेली यादी फाडून नवी प्रत काढायला लावली. मग कॉम्प्युटरला दोन शिव्या हासडून त्यांनी अकराही गावांवर सही केली.